झाकण न उघडता

दीड वाजला की आमच्या ऑफिसात दोन टेबलं एकमेकांना जोडली जातात, वर कालचं वर्तमानपत्र पसरलं जातं आणि सगळ्यांचे डबे त्यावर येऊन बसतात. पण झाकण काढायचं नाही. ज्यानं आधी झाकण काढलं त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, हा कायदा. आधी बडे बाबू उठणार, प्रत्येक डब्यापाशी थांबणार, कमरेत जरा वाकणार, झाकणाच्या कडेशी नाक नेणार आणि आत काय आहे ते सांगणार. मग झाकण निघणार. आणि आत तेच असणार!

हा खेळ कोणी सुरू केला, मला माहीत नाही. मी बदली होऊन भोपाळला, अरेरा कॉलनीतल्या या ऑफिसात आले तेव्हा तो जोरात चालू होता. बडे बाबू हे त्यांचं पद नव्हे, पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना तेच म्हणत. जुन्या शहरातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे भोपाळी. उंच, काटकुळे, थंडी असो नसो अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. रिटायर व्हायला थोडेच महिने उरलेले. फायलींच्या बाबतीत ते काही फार चपळ नव्हते, खोटं कशाला बोलू. पण नाक म्हणजे नाक होतं. "मेथी है, और कल रात की है." "अरहर की दाल. हींग किसने डाली, बच्चों ने?" आमच्याकडे सागर गावच्या एक दीदी आहेत, त्या तर बडे बाबूंनी ओळखू नये म्हणून डब्याला चार पदरी कापड बांधून आणत. काही उपयोग नाही. "दीदी, कपड़ा धो लिया करो, इसमें परसों का अचार आ रिया है."

हसून हसून पोट दुखायचं. माझी पाळी येईपर्यंत.

"भिंडी है मैडम," बडे बाबू म्हणाले, आणि जरा थांबून, अगदी हळहळून, "नीचे से लग गई है."

सगळं टेबल हसलं. आता लागली होती भेंडी, नाही कोण म्हणतं? सकाळी नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट, माझी आंघोळ, पाण्याची मोटर, आणि गॅसवर भेंडी. ज्याला दोनच हात आहेत त्याची भेंडी लागणारच. पण चारचौघांत सांगायची गरज होती का? मी तरातरा झाकण काढलं आणि खाली मान घालून जेवले. राग आला की मी बोलत नाही, भराभर जेवते.

त्या वेळी घरी बाबा होते. माझे वडील, नागपूरचे. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि ते तिथल्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. दिवाळीच्या आधी एकदा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. आतून कडी. शेजारच्यांनी नळाचा आवाज बराच वेळ ऐकला, हाका मारल्या आणि शेवटी दार फोडलं. डॉक्टरांनी मला फोनवर स्वच्छ सांगितलं, यांना एकटं ठेवू नका, पुढच्या वेळी शेजारी घरी असतीलच असं नाही. मी आणि नवरा जाऊन त्यांना भोपाळला, अवधपुरीतल्या आमच्या घरी घेऊन आलो. आणले म्हणजे काय, अक्षरशः ओढून आणले. भाऊ मला नाही. असता तर बाबा निमूट त्याच्याकडे गेले असते, हे मला पक्कं माहीत आहे, आणि ते माहीत असण्याचा मला फार राग येतो.

कारण माझे बाबा तसे शिकलेले, सरकारी नोकरी केलेले, पण एका गोष्टीत अगदी जुन्या वळणाचे. लेकीच्या घरी बापानं राहू नये. आले तर चार दिवस, तेही हातात पेढ्याचा पुडा घेऊन. आमच्याकडे ते लॉजमध्ये उतरल्यासारखे राहायला लागले. उठले की चादरीची घडी, उशी त्यावर. बॅग कॉटखाली भरलेली. फ्रिज उघडायचा तर विचारणार, "दूध घेऊ का थोडं?" अहो बाबा, घ्या ना! चहा हवा असला तर म्हणणार, "तू करून राहिली असशील तर माझाही कर." मी करत नसले तर? तर नको. जावयासमोर तर पाय पसरून बसणं नाही. आणि दर आठवड्याला तेच पालुपद, "आता बरं वाटते मला. पुढच्या आठवड्यात निघतो मी." मी चिडले की म्हणायचे, "अव, काहून चिडते? पाहुणा दोन दिवस गोड असते."

नवरा म्हणायचा, त्यांना वेळ दे. वेळ दिला की. त्या वेळात ते वाळत चालले होते. जेवायला अर्धी पोळी. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या रिकाम्या प्लॉटकडे बघत बसायचे. त्या प्लॉटमध्ये बघण्यासारखं काय होतं? दोन गायी आणि एक बंद पडलेला रोडरोलर.

तर त्या भेंडीच्या दिवशी संध्याकाळी घरात काहीतरी बोलायचं म्हणून मी ती गोष्ट सांगितली. नक्कल करून सांगितली, वाकून, नाक पुढे काढून, "नीचे से लग गई है." मला वाटलं बाबा हसतील. ते हसले नाहीत. ताठ बसले.

"कोण आहे हा माणूस?"

"आमचे बडे बाबू."

"त्याच्या घरचं काय आणते तो डब्यात?"

मी म्हटलं, मी कधी पाहिलं नाही. बाबा म्हणाले, "माझ्या लेकीच्या भाजीला नावं ठेवते! उद्या डबा मी करतो."

आई असेपर्यंत या माणसानं स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला पाऊल टाकलेलं. गेल्या वर्षभरात हात भाजून घेत जे काय शिकले असतील तेवढंच. पण सकाळी मला जाग आली ती फोडणीच्या ठसक्यानं. झुणका केला होता. लसूण सोलताना बोट कापलं होतं, त्याला आमच्या कपाटाच्या ड्रॉवरमधली चिकटपट्टी लावली होती आणि ड्रॉवर उघडायला त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं.

बडे बाबूंनी झुणका चुटकीसरशी ओळखला. "बेसन. मराठी वाला. मगर आज हाथ दूसरा है." मी म्हटलं, हो, वडिलांनी केलाय. तसे ते सरळ उभे राहिले. "अच्छा! बाबूजी से कहिएगा, लहसुन बहुत उम्दा भुना है, मगर हमसे छुपा नहीं."

हा निरोप मी घरी पोचवला आणि आमच्या घरात युद्ध सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मुंगवड्यांची भाजी. ओळखली. मग आंबाडी. ती इथे मिळत नाही म्हणून बाबा चौकातल्या भाजीवाल्याशी भांडून आले. "अंबाडी नहीं मालूम? खट्टी रहती ना बाप्पा, लाल डंडी की!" भाजीवाल्यानंही जिद्दीनं कुठल्याशा खेड्यातून जुडी आणून दिली. बडे बाबू क्षणभर अडखळले. "खट्टी भाजी है... बाबूजी कहाँ से ले आए ये?" ओळखलीच. मग बाबा लबाडीवर उतरले. डब्याच्या झाकणाला आतून हिंग चोळायचा. बटाट्याच्या भाजीवर मेथीची जुडी ठेवून झाकायची आणि निघताना जुडी काढून घ्यायची. एकदा तर डब्याच्या पिशवीत संत्र्याची सालं भरली. बडे बाबू म्हणाले, "नागपुर की याद आ रई है बाबूजी को. डिब्बे में तो भैया लौकी ही है." होताही दुधीच.

मी मधल्या मध्ये हरकाऱ्याचं काम करत होते. संध्याकाळी स्कूटी गेटपाशी लावते न लावते तोच बाबा गॅलरीतून, "ओळखलं का?" मी पर्स खाली ठेवायच्या आत सगळं सांगायचं. ते कसे वाकले, किती वेळ घेतला, भुवई वर गेली का. मी मुद्दाम तिखटमीठ लावून सांगायची. बाबा विचार करत जेवायचे आणि विचारात दोन पोळ्या जायच्या. रिकामा प्लॉट आता बघायला वेळच नव्हता.

आणि मग त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात नाक खुपसायला सुरुवात केली. मसाल्याचा डबा असा का ठेवते? जिऱ्याच्या वाटीत मोहरी कशी? तुझ्या आईनं हेच शिकवलं का तुला? माझं सासर पुण्याकडचं. तिथल्या वळणानं मी आमटीत, कढीत, सगळ्यात गुळाचा खडा टाकते, हात आपोआप जातो. बाबा म्हणाले, "कढीत गूळ? हे कढी आहे का सरबत?" नवरा ताटावरून म्हणाला, "बाबा, आमच्याकडे असंच असतं." बाबा जावयाला म्हणाले, "चूक असते मग तुमच्याकडे." जावयाला! मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडे पाहिलं.

एक दिवस हिंग संपला म्हणून ते माझ्यावर इतके ओरडले, इतके ओरडले की शेजारच्या भाभींनी खिडकी उघडली. "घरात हिंग नाही, बाई घर चालवून राहिली!" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. सुखानं रडले. पाहुणा कधी असा ओरडतो का हो यजमानावर?

त्यांचा विजय झाला तो कढीगोळ्यांनी. आमच्या विदर्भाकडे तुरीची आणि चण्याची डाळ भिजवून भरड वाटतात, त्यात लसूण, मिरची घालून गोळे वळतात आणि उकळत्या कढीत सोडतात. तळायचे नाहीत, ते कढीतच शिजतात. वरून लसणाची फोडणी. बडे बाबू वाकले, वास घेतला आणि निर्धास्तपणे म्हणाले, "कढ़ी-पकौड़ी."

झाकण काढलं. मी ओरडलेच, "गलत! पकौड़ी नहीं, गोळे!" बडे बाबू म्हणाले, एकच की. मी म्हटलं, एकच कसं? हे तळलेलं आहे का, खाऊन सांगा. त्यांनी एक गोळा खाल्ला. दुसरा खाल्ला. दीदी म्हणाल्या, हार गये बडे बाबू. वाद साहेबांच्या केबिनपर्यंत गेला आणि साहेबांनीही एक गोळा खाऊन निकाल दिला की पकौड़ी तळलेलीच असते. बडे बाबूंनी हात कपाळाला लावून सलाम केला. "उस्ताद को हमारा सलाम पहुँचा दीजिए."

त्या संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कॉलनीतल्या बागेत गेले. तिथे बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांशी ते तोवर एक शब्द बोलले नव्हते. जेवायची वेळ झाली तरी आले नाहीत म्हणून मी बोलवायला गेले, तर हे हातवारे करून त्यांना गोळे आणि पकौडी यांतला फरक समजावत होते.

मला वाटलं, जिंकलो आपण. आता राहतात हे.

कसचं काय. फेब्रुवारीच्या शेवटी शेवटी मी बोलता बोलता म्हणून गेले की या शुक्रवारी बडे बाबूंचा निरोप समारंभ आहे, शालीची वर्गणी द्यायची आहे. बाबांच्या हातातली लसणाची कुडी हातातच राहिली.

"रिटायर होते का?"

"हो."

"मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघर थंड. चादरीची घडी, उशी त्यावर. नवऱ्याला म्हणाले, "रविवारचं नागपूरचं तिकीट काढून द्या मला."

माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "ऑफिसातल्या परक्या माणसासाठी रोज पहाटे उठत होता आणि माझ्यासाठी राहवत नाही तुम्हाला?" ते म्हणाले, "तुझ्यासाठी मी काय करून राहिलो इथे? खाऊनच राहिलो ना?" मी म्हटलं, "खा की! बाप आहात!" ते म्हणाले, "बाप आहे म्हणूनच. किती दिवस लेकीच्या दारात बसायचं?" मी म्हटलं, "तिथे पुन्हा पडलात तर कडी कोण तोडेल?" ते म्हणाले, "आता कडी लावणार नाही मी." असं बोलून आत गेले. या उत्तरावर माणसानं हसावं की डोकं आपटावं! नवऱ्यानं मुकाट्यानं तिकीट काढलं, कारण बाबांनी त्याला माझ्यासमोर दोनदा विचारलं आणि सासऱ्याला नाही म्हणायची त्याची टाप नाही.

मी ठरवलं, निदान त्या बिचाऱ्या बडे बाबूंचा शेवटचा आठवडा फुकट जायला नको. गुरुवारी मी स्वतः कढीगोळे केले. बाबांनी केले होते तसेच. डाळ भरड, लसूण भरपूर. बाबा बाहेर खुर्चीवर बसून होते, आत डोकावलेसुद्धा नाहीत.

बडे बाबू वाकले. "इस बार नहीं चूकूँगा. कढ़ी-गोले." टाळ्या पडल्या. मी त्यांना वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. आणखी एक घेतला. मग माझ्याकडे पाहिलं.

"मैडम, ये बाबूजी ने नहीं बनाई."

"त्यांनीच केली," मी म्हटलं, हिंदीत, पण अगदी ठामपणे.

"इसमें मीठा है. बाबूजी मीठा नहीं डालते. तबीयत तो ठीक है उनकी?"

गूळ! मेला हात माझा, सवयीनं खडा टाकून मोकळा झाला होता. मला एकदम रडूच फुटलं. भर जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. आणि रडता रडता मी सगळं सांगितलं. नळ, कडी, दार फोडलेलं, लेकीचं घर, रविवारचं तिकीट. दीदींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. बडे बाबूंनी मात्र चाटूनपुसून कढी संपवली, हात धुतले आणि जागेवर जाऊन बसले. मला रागच आला त्यांचा. एरवी लौकीवर चार वाक्यं बोलणारा माणूस, आणि आता तोंडाला कुलूप!

शुक्रवारी हार झाले, शाल झाली, भाषणं झाली. एका वक्त्यानं त्यांच्या कार्यतत्परतेचं कौतुक केलं तेव्हा बडे बाबू स्वतःच हसले. मी नमस्कार करून घरी आले.

शनिवारी सकाळी बाबा शर्टांच्या घड्या करत होते आणि मी त्यांच्याशी न बोलता त्यांच्या प्रवासासाठी धपाटे थापत होते. तोच गेटची कडी वाजली. बडे बाबू! तोच स्वेटर, हातात कापडी पिशवी. नवऱ्यानं दार उघडलं. ते सरळ आत आले, बाबांच्या समोर उभे राहिले आणि त्यांनी आदाब केला.

दोघं पहिल्यांदाच एकमेकांना बघत होते. बाबा गडबडून उठले, हातात बनियन तसंच.

"उस्ताद," बडे बाबू म्हणाले, "मैं आपसे कढ़ी सीखने आया हूँ."

त्यांनी पिशवीतून डाळीचे पुडे काढले, दह्याचं मडकं काढलं. मग खुर्चीवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी सांगितलं. त्यांच्या बेगमच्या बोटांची दुखणी पुष्कळ वर्षांची. आता तर हातात लाटणं धरवत नाही. घरात दोघंच. ते स्वतः डब्यात बाजारच्या दोन रोट्या आणि लोणचं आणत. "हमारे डिब्बे में सूँघने को था ही क्या." मला एकदम जाणवलं की इतक्या दिवसांत त्यांचा डबा ओळखायला आम्ही कोणी कधी वाकलो नव्हतो. पण रोज संध्याकाळी घरी गेले की ते बेगमना सांगत, आज कोणाच्या डब्यात काय होतं. आधी नुसत्या खुणा सांगायच्या, मग तिनं ओळखायचं. तोच त्यांचा घरातला खेळ. "जब से आपका डिब्बा आने लगा, वो और किसी का पूछती ही नहीं. रोज़ एक ही बात, नागपुर वाले बाबूजी ने आज क्या भेजा? गोले उसने सिर्फ़ मेरे मुँह से सुने हैं. खिलाना चाहता हूँ."

मी म्हटलं, आज करून देते की डबा. बडे बाबूंनी हात वर केला. "ना मैडम. बनवाने नहीं, सीखने आया हूँ. अब तो रोज़ मुझे ही पकाना है."

बाबा म्हणाले, "मेरा कल का टिकट है."

"मालूम है," बडे बाबू म्हणाले. "इसीलिए आज आया."

डाळ भिजायला वेळ लागतो. तोवर दोघं गॅलरीत बसले. आत धपाटे भाजताना मला तुकड्या तुकड्यानं ऐकू येत होतं. बाबांची नागपुरी हिंदी आणि बडे बाबूंची भोपाळी. झाकणाला आतून हिंग लावायचं कसं सुचलं, संत्र्याची सालं का फसली. एकदा बाबांनी आईचं काहीतरी सांगितलं. ते इतक्या हळू आवाजात की मला शब्द कळले नाहीत. मी पुढे जाऊन ऐकलं नाही.

मग स्वयंपाकघरात बाबा गुरुजी झाले. बडे बाबूंच्या हाती मिक्सर दिला, स्वतः दही घुसळायला घेतलं. आणि तिथेच घोटाळा झाला. बडे बाबूंच्या डोक्यात आपली पकौडीच. त्यांनी मिक्सर फिरवला तो फिरवलाच. भरड ठेवायची डाळ लोण्यासारखी वाटून टाकली. बाबांनी पाहिलं नाही. ते दाखवत राहिले, बडे बाबू वळत राहिले, आणि गोळे एकेक करून उकळत्या कढीत गेले.

गेले ते गेलेच. पहिला विरघळला. दुसरा विरघळला. कढईत पिवळं पिठलं फदफदायला लागलं.

"अरे बाप्पा!" बाबा असे कडाडले की मी धावत आले. "मैंने बोला था ना दरदरा! बारीक काहून किया? हड्डी रहती दाल में, हड्डी निकाल दी तुमने!"

बडे बाबू, ज्यांच्यापुढे आमचे साहेबही जरा जपून बोलत, मान खाली घालून उभे. "गलती हो गई उस्ताद."

"पूरा सत्यानास!" बाबांनी गॅस बंद केला, झारा आपटला, कपाळाचा घाम पुसला. "आता डाळही नाही भिजलेली. कल आना. सुबह आना. दाल मैं आज रात को भिगो के रखता."

"जी," बडे बाबू म्हणाले.

नवरा दारात उभा होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला डोळ्यांनीच दटावलं, एक शब्द बोलशील तर खबरदार. रविवार सकाळची गाडी. बाबांच्या तोंडून निघून गेलं होतं आणि त्यांच्या लक्षात आलं होतं की नव्हतं, ते मला त्यांच्या पाठीवरून कळेना. ते कढई खरवडत होते. बडे बाबूंनी मात्र एकदाही "पण गाडी?" असं विचारलं नाही. चपला घातल्या, "सुबह हाज़िर होता हूँ" म्हणाले आणि निघून गेले.

आम्ही ते पिठलंच जेवलो. चांगलं झालं होतं. संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावत होते तेव्हा बाबा बाहेर फोनवर बोलत होते, नागपूरच्या शेजाऱ्यांशी. त्यांचा आवाज फोनवर नेहमीच मोठा असतो.

"हो, बराय. नाही, नाही येत उद्या. काम निघालं एक. ... आता काय सांगू, शिकवायचं आहे इथे एका माणसाला. ... तुमच्याकडे किल्ली आहे ना घराची? ऐका. ओट्याखाली हिचा पाटा आहे. दगडी. वरवंटाही तिथेच मागे असेल. इकडे कोणी गाडी घेऊन येणार असलं तर त्याच्या हाती पाठवा. ... जड आहे, मला माहीत आहे जड आहे. मिक्सरवर नाही जमत हो, डाळ बारीक होऊन जाते. ..."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"नाही, तिथे नका राहू देऊ," बाबा म्हणाले. "पाठवाच. हिच्यामागे त्याला कोणी हात लावला नाही. तिथे अंधारात एकटा पडून काय करून राहिला तो? माणसांत येऊ द्या त्याला."